कोणते पाटील?

मुंबईवर हल्ला झाला त्यानंतरचा तो आठवडा. ३० नोव्हेंबर २००८ ला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. तो मंजूर करणाऱ्या राष्ट्रपती होत्या प्रतिभा पाटील. दुसऱ्याच दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीही राजीनामा दिला आणि पुढच्या काही दिवसांत ते खातं जयंत पाटील यांच्याकडे गेलं. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. लागोपाठ दोन रात्री ‘पाटील यांचा राजीनामा’ हे एकच हेडिंग चाललं असतं आणि दोन्ही रात्री ते खरं ठरलं असतं. चार पाटील, चार वेगवेगळी गावं, चार वेगळे राजकीय प्रवास. चाकूर, जळगाव, अंजनी आणि इस्लामपूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बातमीत ती सगळी माणसं एकाच तीन अक्षरांत मावत होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. मराठी बातमीनं नुसतं आडनाव छापायची सवय सोडावी, असं मला वाटतं. शीर्षकात निदान पहिलं नाव किंवा गाव हवंच, आणि बातमीच्या पहिल्या वाक्यात पूर्ण नाव. ही मागणी कुणाला बारीकसारीक वाटेल. पंचवीस वर्षं पानं लावल्यावर मला ती तशी वाटत नाही.

एखाद्या दिवशी पेपर उघडून बघा. क्रीडा पानावर श्रेयांका पाटील ही बंगळूरची फिरकी गोलंदाज असते, नाहीतर ठाण्याचा नेमबाज रुद्रांक्ष पाटील. जुन्या आठवणींचा लेख असेल तर १९८१ मध्ये ॲडलेडला १७४ धावा काढणारे संदीप पाटील असतात. त्यांच्याही आधी, १९५५ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध एकच कसोटी खेळलेले कोल्हापूरचे सदाशिव पाटील होते. त्यांची आठवण कुणी काढत नाही, आणि काढली तरी नव्या वाचकाला ते संदीप यांचे कुणीतरी वाटतात. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, ते नेरुळचं मैदानही पाटलांच्या नावाचं: डी. वाय. पाटील. त्याच नवी मुंबईत विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. एक पाटील कोल्हापूरकडचे शिक्षणसंस्थाचालक आणि पुढे राज्यपाल झालेले. दुसरे शेतकरी कामगार पक्षाचे, १९८४ मध्ये जासई-उरणच्या आंदोलनात शेतकऱ्यांच्या पुढे उभे राहिलेले. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमीन मिळण्याची वाट त्यातून निघाली. ‘पाटील यांच्या नावाचा आग्रह’ असं हेडिंग बाहेरच्या वाचकानं वाचलं तर त्याला मैदान आठवेल की विमानतळ?

राजकारणाच्या पानावर तर विचारूच नका. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचं मंत्रिमंडळ झालं, त्यात किमान पाच जणांच्या नावात पाटील आहे. पाण्याचंच घ्या. दिल्लीत जलशक्ती खातं सी. आर. पाटील यांच्याकडे आहे. ते खासदार गुजरातचे, पण जन्मगाव जळगाव जिल्ह्यातलं. राज्यात पाणीपुरवठा गुलाबराव पाटील यांच्याकडे, तेही जळगाव जिल्ह्यातलेच. गोदावरी आणि कृष्णा खोऱ्याचं जलसंपदा खातं राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे. एखाद्या गावाचं नळाचं काम रखडलं आणि बातमीत ‘पाटील यांचं आश्वासन’ असं आलं, तर त्या गावानं उद्या कुणाच्या दारात जायचं? नाव पूर्ण छापलं तर ही माहिती कामाची होते. अर्धवट छापलं तर ती गावाला दाराशी नेऊन परत पाठवते.

काही वेळा पहिलं नावही पुरत नाही. जून २०२२ मध्ये ‘चंद्रकांत पाटील गुवाहाटीत’ ही बातमी खरी होती. ते मुक्ताईनगरचे आमदार चंद्रकांत निंबा पाटील. त्याच वेळी भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील महाराष्ट्रातच होते. १२ जुलै २०२४ ला विधान परिषदेच्या निवडणुकीत जयंत पाटील पडले. ते शेकापचे, अलिबागचे. त्यांना पाठिंबा होता शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा, आणि त्या पक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्षही जयंत पाटीलच, इस्लामपूरचे. त्या संध्याकाळी मला फोन करून ‘आपले साहेब पडले का हो?’ असं विचारणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांनी मोबाइलवर एक ओळ वाचली होती. ती ओळ लिहिणाऱ्यानं दोन अक्षरं वाचवली आणि वाळवा तालुका तासभर हवालदिल झाला.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पाटील हे मुळात नाव नाहीच, ते पद आहे. गावचा सारा गोळा करणारा, तंटा ऐकणारा, सरकार आणि रयत यांच्या मध्ये उभा असलेला माणूस म्हणजे पाटील. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. पुढे १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील नेमले जाऊ लागले. ते पद आजही आहे आणि त्यावर कुठल्याही आडनावाची बाई किंवा पुरुष असू शकतो. पद गेलं, पण शब्द घराघरांत आडनाव होऊन राहिला. म्हणून मराठा, कुणबी, लेवा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, ब्राह्मण, मुसलमान अशा सगळ्यांत पाटील सापडतात. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घराण्याशी नातं सांगणारे. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील वाळव्याकडचे. कर्नाटकातले पाटील बहुधा कानडी बोलतात. तेव्हा ‘पाटील’ एवढंच छापून तुम्ही रक्ताचं, जातीचं, गावाचं काहीच सांगत नाही. तरी वाचकाला मात्र सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि त्याला जे कळल्यासारखं वाटतं ते बहुतेकदा चुकीचं असतं.

आपल्या जुन्या कागदांना ही अडचण माहीत होती. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट आपण शाळेत ऐकतो: त्यानं बाईवर अत्याचार केला आणि शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले. गोष्टीत तो ‘रांझ्याचा पाटील’ एवढाच उरला. पण सतराव्या शतकातल्या त्या मूळ पत्रात त्याची ओळख पूर्ण आहे: बाबाजी बिन भिकाजी गुजर, मोकदम, मौजे रांझे. स्वतःचं नाव, बापाचं नाव, कूळ, पद आणि गाव. शिक्षा कुणाला झाली याबद्दल शंकेला जागा नको, म्हणून लिहिणाऱ्यानं पाच गोष्टी एका ओळीत घातल्या. कागद महाग होता, बोरू हातात होता आणि तरीही त्याला जागा पुरली.

आमच्या डेस्कवर जागा पुरत नाही. हेच कारण मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि नवख्या पोरांना ऐकवलंही. एका कॉलमात अठ्ठावीस पॉइंटचं हेडिंग, रात्री साडेदहाची वेळ, छपाईवाले खालून फोन करतायत, आणि ‘गुलाबराव पाटील’ बसत नाही. ‘पाटील’ बसतं. ‘पवार’ बसतं, ‘शिंदे’ बसतं, ‘राणे’ तर फारच छान बसतं. लहान आडनावाचा पुढारी उपसंपादकाला आवडतो, हे मी मनापासून कबूल करतो. पूर्वी निदान हेडिंगखाली बातमी असायची, शेजारी फोटो असायचा. आता शीर्षक एकटंच फिरतं. मोबाइलच्या पडद्यावर येतं, कुणीतरी ते कापून गटात टाकतं, आणि खालची सातवी ओळ, जिथे पूर्ण नाव असतं, ती कुणाच्याच हातात पोचत नाही.

ती सातवी ओळ किती महाग पडते हे मला एका माणसानं दाखवलं. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचे शिक्षक लाच घेताना सापडले होते. बातमी आली, मी हेडिंग दिलं: ‘लाच घेताना पाटीलला पकडले’. उपशीर्षकात शाळेचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ ऑफिसात आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात चार घड्या घातलेला आमचा अंक. टेबलावर त्यांनी तो उघडला, हातानं सुरकुत्या सारख्या केल्या आणि हेडिंगवर बोट ठेवलं. म्हणाले, ‘‘साहेब, आमच्या शाळेत आम्ही तिघं पाटील आहोत. तुमच्या बातमीतला कोणता, ते खाली सातव्या ओळीत आहे. गावानं वरची ओळ वाचली.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि सकाळी समोरच्यांचा फोन आला होता, एवढंच त्यांनी सांगितलं. मी त्यांना चहा घ्या म्हटलं, त्यांनी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही पाचव्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळींचा खुलासा छापला. त्यात मात्र त्यांचं पूर्ण नाव होतं. म्हणजे ज्या माणसानं काही केलं नव्हतं त्याचं पूर्ण नाव आमच्या अंकात आलं ते लाचेच्या प्रकरणात.

त्या हेडिंगात दुसरीही एक चूक होती आणि ती मला फार उशिरा दिसली. मी ‘पाटीलला’ लिहिलं होतं. मंत्री असता तर ‘पाटील यांना’ लिहिलं असतं. शिक्षक नुसता संशयित होता, खटला उभाही राहिला नव्हता, तरी माझ्या हातानं त्याचा ‘यांना’ काढून घेतला. मराठीत मान अपमान या एवढ्याशा प्रत्ययात असतो, आणि तो कुणाला द्यायचा हे रात्री दहा वाजता एक थकलेला माणूस ठरवतो. नुसत्या आडनावाचंही तसंच आहे. आज ज्याच्या हातात सत्ता, तोच त्या आडनावाचा धनी. मोठ्या पुढाऱ्याला नुसतं ‘पाटील’ म्हणायचं आणि बाकी सगळ्या पाटलांनी आपापलं पहिलं नाव सांगत फिरायचं. तो पडला की आडनाव दुसऱ्याकडे जातं.

बायकांच्या वाट्याला हे कधी आलंच नाही. स्मिता पाटील यांच्याबद्दल लिहिताना कुणी नुसतं ‘पाटील’ लिहिल्याचं मला आठवत नाही. त्या नेहमी ‘स्मिता’ किंवा ‘स्मिता पाटील’. देशाच्या राष्ट्रपती झालेल्या बाईंनाही आम्ही ‘प्रतिभाताई’ म्हणत राहिलो. ‘पाटील यांचा दौरा’ वाचलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो, कारण त्या शब्दाचा सगळा सराव पुरुषांवर झालेला आहे. यावर उपाय म्हणून बायकांनाही आडनावानंच संबोधा असं काही जण म्हणतात. मला तो उपाय पटत नाही. बायकांचं नाव आपण पूर्ण छापतो, तसं पुरुषांचंही छापावं, इतकी ती सोपी गोष्ट आहे.

आडनाव कुणाचं, हा वाद तर आता थेट बातम्यांतच येतो. २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील हिनं पाटील आडनाव लावू नये अशी मागणी काही जणांनी केली. तिनं ती मानली नाही आणि बरंच केलं. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून मनोज जरांगे यांचं नाव घरोघर गेलं. कुणी ‘जरांगे’ छापतं, कुणी ‘जरांगे पाटील’, आणि वाचक त्यावरून वर्तमानपत्राची बाजू ओळखायला लागले. माझं यावर साधं म्हणणं आहे: माणूस स्वतःचं नाव जसं सांगतो तसं छापावं. गौतमीला जो नियम, तोच जरांग्यांना. राज्याच्या राजपत्रात अर्ज देऊन कुणीही नाव बदलू शकतो, आणि पाटील हे आडनाव अमुकच लोकांनी लावावं असा कुठलाही कायदा नाही. जे पद सरकारनं साठ वर्षांपूर्वी संपवलं त्याची राखण बातमीनं का करावी?

नाव अपुरं वाचायची ही सवय शेवटी मतपेटीपर्यंत पोचते. २०१४ मध्ये रायगडला अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच यंत्रावर दुसरे एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं पडली. केरळात २००४ मध्ये अलप्पुळा इथे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले, आणि व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाला आठ हजारांवर मतं होती. सारख्या नावाचा माणूस शोधून उभा करणं हे आता निवडणुकीचं ठरलेलं काम झालंय. मे २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. आईबापांनी ठेवलेल्या नावावरून कुणाला निवडणूक लढवण्यापासून कसं अडवणार, असा न्यायमूर्तींचा सवाल होता. तो सवाल रास्त आहे. माणसाला अडवता येत नाही, येऊही नये. मतदाराला मात्र जास्त सांगता येतं. निवडणूक आयोगानं २०१५ पासून मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावला तो याचसाठी. त्याच्याही कितीतरी आधी, १९६१ च्या निवडणूक नियमांतच तरतूद आहे की दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर त्यांचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरं काही जोडून फरक दाखवावा.

माझी मागणी या नियमापलीकडे जात नाही. दहा सेकंद यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या मतदारासाठी सरकारनं जे आवश्यक मानलं, ते पाच वर्षं रोज बातमी वाचणाऱ्याला का मिळू नये?

काही सहकारी म्हणतात, वाचक शहाणा आहे, संदर्भावरून त्याला कळतं. सांगलीच्या वाचकाला सांगलीचं कळतं, हे खरं. पण २०२४ च्या लोकसभेला सांगलीत मुख्य लढत कुणाची होती? विशाल पाटील, संजयकाका पाटील आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. वसंतदादांचा नातू, मावळते खासदार आणि एक पैलवान. लिफाफा चिन्हावर अपक्ष लढलेले विशाल पाटील लाखभर मतांनी निवडून आले. त्या महिन्याभरात सांगलीच्या पारावर एकाही माणसानं नुसतं ‘पाटील’ म्हटलं असेल असं वाटत नाही. लोक ‘विशालदादा’, ‘काका’, ‘पैलवान’ म्हणत होते. आर. आर. पाटलांना ‘आबा’, राजाराम पाटलांना ‘बापू’, भाऊराव पाटलांना ‘अण्णा’ म्हटलं जायचं ते प्रेमानं, आणि त्याहून जास्त गरजेनं. ज्या गावात अर्धा गाव पाटील, तिथे आडनावानं हाक मारून कुणी ओ देत नाही. तिथे ‘वरच्या आळीचे’, ‘मळ्यातले’, ‘मास्तरांचे’ अशी नावं पडतात. बोलणाऱ्या मराठी माणसानं हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. तो उरलाय फक्त लिहिणाऱ्या मराठीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आडनावावरून जात शोधली जाते, तेव्हा आडनावच नको, असं अनेक तरुण मुलंमुली म्हणतात आणि आईबापांची नावं लावतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पूर्ण नाव छापा हे माझं म्हणणं त्यांच्या विरोधात जात नाही. बातमीत आज पहिलं नाव गळतं आणि आडनाव तेवढं उरतं, म्हणजे जे व्यक्तीचं ते जातं आणि जे कुळाचं ते राहतं. मला ते उलटं हवंय. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर महाराष्ट्रात आता स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव, या क्रमानं चार नावं येतात. ही मुलं मोठी होतील, खेळतील, निवडणुका लढवतील. आईचं नाव एवढ्या उशिरानं कागदावर आलं, आणि आम्ही त्या चारांतलं फक्त चौथं उचलणार असू तर ते मला फार लाजिरवाणं वाटतं.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीला एका नव्या पोरानं तिसरं पान आणून दाखवलं. डावीकडे वर होतं: ‘पाटील यांची विरोधकांवर टीका’. मी विचारलं, ‘‘कोणते रे?’’ तो कॉपी चाळायला लागला आणि चौथ्या परिच्छेदात त्याला नाव सापडलं. हेडिंगात ‘गुलाबराव’ घातल्यावर ते दोन ओळींत गेलं आणि बातमी खालून तीन ओळी वाहायला लागली. ‘‘सर, काय कापू?’’ म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून बातमी पुन्हा वाचली. शेवटी व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होतं त्याची यादी होती, सगळी नुसती आडनावं: देशमुख, पाटील, पाटील, जाधव, पाटील. ती काढली आणि पान बसलं.